सरकारी नोकराला खोली देता येत नाही

नियम पाळण्याचा नाद आमच्या घरात फक्त मला आहे. घरातले त्याला रोग म्हणतात. भातसानगरच्या धरणाच्या कचेरीत नवं परिपत्रक आलं की ते आधी माझ्या टेबलावर यायचं, कारण शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी एकटाच. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी लावलंत की जीआरशी, एवढं एकदा सांगून टाका."

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आमच्या वसाहतीतल्या क्वार्टरांची तपासणी झाली आणि आमची इमारत धोकादायक ठरली. शेजारीपाजारी कुरकुरले. मी मात्र तपासणी किती रीतसर झाली याचं कौतुक करत बसलो होतो, आणि त्याच आठवड्यात छताचा एक पोपडा माझ्या ताटाशेजारी पडला. पावसाळ्याआधी क्वार्टर सोडायची होती. मुलीचं कल्याणचं कॉलेज जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. खोली हवी होती ती आसनगावात, स्टेशनला चालत जाता येईल अशी.

मला काळजी नव्हती, कारण मला मित्र होता. आम्ही दोघं बरोबरच नोकरीला लागलो आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून म्हातारे होत आलो. त्याची आसनगावला पिढ्यानपिढ्यांची भातशेती. तिकडे जागेला भाव यायला लागला तसा त्याने रस्त्याकडच्या तुकड्यावर चार खोल्यांची चाळ बांधायला काढली होती.

"कडेची खोली तुझी," तो आपणहून म्हणाला. "वहिनींना सांग, मोरी मोठी ठेवलीय."

नियम मात्र तेव्हा भराभर बदलत होते. संडासाची टाकी बघितल्याशिवाय ग्रामपंचायत घराची नोंद करीना. भाडेकरूची माहिती फोटोसकट पोलीस ठाण्यात द्या, असं निघालं. तोंडी व्यवहार चालेना, करार करून तो नोंदवायला हवा. मित्र हात झटकून म्हणाला, "ह्या भानगडी आपल्याला नाय समजत रे. तू आहेस ना."

मी होतोच. माझे सगळे रविवार त्या चाळीवर जायला लागले. टाकीचा खड्डा शेजारच्या विहिरीच्या फार जवळ खणला होता. तो मी बुजवायला लावला आणि दुसरा खणताना टेप घेऊन स्वतः आत उतरलो. वरून गवंडी म्हणाला, "साहेब, तुमाला भाड्यानं हीच खोली दिली काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण आतून, त्यामुळे त्यांना फक्त माझं टक्कल दिसलं असणार. ग्रामपंचायतीचा माणूस तपासायला आला तेव्हा त्याला काढायला एक खोड सापडली नाही. मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. "हा आमचा वकील," म्हणाला. दोन दिवस मी त्या शब्दावर तरंगत होतो.

मग बायकोला खोली दाखवायला नेलं. मित्राची आई दारात आली. आमच्या भागात जात कुणी तोंडावर विचारत नाही. भाडेकरणीला विचारतात, देव कुठं मांडशील? देवाचं नाव निघालं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

"देव कुठं मांडशील गो?" म्हातारीने विचारलं.

"आमच्यात बुद्धमूर्ती असते, आई," बायको म्हणाली. "ह्या फळीवर छान बसेल."

"बरं हो," म्हणून म्हातारी गुरांना पाणी दाखवायला निघून गेली. मित्र चौकटीवरचा सुकलेला चुना नखाने काढत उभा होता. त्याला यात नवीन काहीच नव्हतं. दर बुद्धपौर्णिमेला तो आमच्याकडे खीर खायचा, आणि दुसरी वाटी मागून घ्यायचा.

पुढच्या आठवड्यात कचेरीत तो फायलीत डोकं घालून म्हणाला, "लोचा झाला रे. नवा नियम आलाय. सरकारी नोकराला खोली भाड्यानं देता येत नाय."

आणि मी काय विचारलं? "कुठल्या तारखेचा?"

"नवीनच हाय. पोलिसांकडनं कळलं."

मला लाज वाटली, ती माझीच. एवढा मोठा नियम माझ्या नजरेतून सुटला कसा? मी कपाटातले गठ्ठे उपसले. काही मिळालं नाही, तेव्हा अर्धी रजा टाकून एसटीने शहापूरला गेलो आणि पोलीस ठाण्यात तो नियम वाचायला मागितला.

हवालदाराने चष्म्यावरून बघितलं. "असा नियम असता तर मी कुठं झोपलो असतो? मी पण सरकारी नोकर, आणि भाड्याचीच खोली. तुमाला सांगितलं कुणी?"

"मित्राने."

"खोली त्याचीच काय?"

"हो."

त्याने चष्मा काढून ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "दुसरी खोली बघा, साहेब."

त्याला जे दोन प्रश्नांत उमगलं ते मला एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर उमगलं. म्हातारीचं मला एवढं वाटलं नाही. तसलं "बरं हो" मी आमच्या गावी, मुरबाडला, लहानपणापासून ऐकत आलोय. पण हा मला ओळखत होता. दुसऱ्या कुणाला त्याने 'आईला चालत नाय' एवढं तरी खरं सांगितलं असतं. मी देवावर ठेवणार नाही इतका विश्वास नियमावर ठेवतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून माझ्यासाठी त्याने खास नियम बनवला.

आम्ही आसनगावच्याही पुढे, खर्डीला खोली घेतली. मुलीला कॉलेजसाठी अंधारात उठावं लागायचं. आसनगावची कडेची खोली आमच्याच कचेरीतल्या एका कारकुनाला मिळाली. तोही सरकारी नोकर.

तो कारकून राहायला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मित्र टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आला.

"तू कुठं तक्रार नाय ना करणार?"

"कशाची?"

तो चाचरला. "नाय, म्हंजे... जातीवरनं खोली नाकारली तर गुन्हा होतो म्हणं."

इतक्या रविवारांत मी त्याला कितीतरी नियम समजावले होते. हा मी कधी काढला नव्हता. हा त्याने बाहेर कुणाला तरी विचारून घेतला होता.

"नाही करणार," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग चल, चहा मारू."

"तू हो पुढे."

मला वाटलं, थांबेल. तो गेला.