पाणी आलं म्हणून दार वाजवलं

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. दोन खोल्या, पण स्वतःच्या. यजमान गेल्यावरही मी तिथेच एकटी राहिले, आणि मरेपर्यंत तिथेच राहणार असं सगळ्यांना सांगत असे. मग माझे गुडघे गेले, आणि मागच्या गल्लीतल्या एका बिल्डिंगचा स्लॅब खाली आल्यावर मुलाची झोप गेली. मुलगा चिखलोलीला राहतो. एक बेडरूम, दोन मुलं, सून घरूनच ऑफिसचं काम करते. तिथे मी मावणार नाही हे मीच बोलून टाकलं, त्याला बोलायला लागू नये म्हणून. तो "असं काय गं आई" म्हणाला, पण पुढे वाद घातला नाही.

घर विकलं. बदलापूरच्या टोकाला, खरवईकडे, ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या एका इमारतीत भाड्याची खोली घेतली. उंबरठे नाहीत, बाथरूममध्ये धरायला दांडे, पलंगाशी घंटेचं बटण, खाली मेस. वरच्या मजल्यांवर ज्याची त्याची वेगळी खोली, दाराला आतून कडी. तळमजल्यावर एक मोठा हॉल, ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही त्यांच्यासाठी. ओळीने खाटा, मध्ये पडदे. दार नाही. करार अकरा महिन्यांचा, आणि तो संपला की मी वर राहायचं की खाली जायचं ते मॅनेजर ठरवणार. हे सही करायच्या आधीच सांगितलं होतं, अगदी हसतमुखाने. मला बाकी कशाचंच काही वाटलं नाही, त्या पडद्यांचं मात्र वाटलं. माझी कडी माझ्या हातात राहावी, एवढंच मला हवं होतं.

आमच्या सोसायटीत "ते काय, भाडेकरू आहेत" असं कोणी म्हटलं की तो विषय तिथेच मिटायचा. आता मीच भाडेकरू. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी फोटो दिला, बोटांचे ठसे दिले. सत्तरी उलटलेली, गुडघे धरून चालणारी बाई पळून पळून कुठे जाणार? पण नियम म्हणजे नियम.

कॅम्पात पाण्याचा नेम नसे. यायचं ते बहुतेक पहाटे, आणि थोडाच वेळ. त्यामुळे आमच्या जिन्याचा एक दंडक होता. ज्याला आधी जाग येईल, ज्याच्या कानावर मोटरची घरघर पडेल, त्याने सगळ्यांची दारं वाजवायची. आपली भांडी मग भरायची. समोरच्या सिंधी शेजारणीचा आवाज मला अजून ऐकू येतो, "भाभी, पाणी आयो! उठो, पाणी आयो!" एकदा आमचं दोघींचं चांगलंच वाजलं होतं, कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून. कितीतरी दिवस तोंड पाहत नव्हतो एकमेकींचं. तरी पहाटे ती दार वाजवायचीच. काही न बोलता वाजवायची आणि निघून जायची. एका नव्या बिऱ्हाडाने मात्र गुपचूप आपलीच पिंपं भरून घेतली होती. त्यांच्याशी पुढे जिन्यातलं कोणी धड बोललं नाही. चोरी केली असती तरी एवढं वाईट दिसलं नसतं.

खरवईला आल्यावर बरेच दिवस मला झोपच नव्हती. एका पहाटे जरा डोळा लागला, आणि खाली पंप सुरू झाला. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत होतं, रोजच चढतं. पण मी अर्धवट झोपेत होते. उठले, मोरीतली कळशी उचलली, गाऊनवरच बाहेर आले आणि दारं वाजवत सुटले. "पाणी आलं! उठा, पाणी आलं!"

अशा इमारतीत पहाटे दार वाजलं की त्याचा अर्थ एकच असतो, हे मला कुठे माहीत? शेजारच्या खोलीतल्या बाई "कोण गेलं हो, कोण गेलं?" म्हणत रडायलाच लागल्या. समोरचे काका उलटा शर्ट घालून, काठी टेकत बाहेर आले, खांदा द्यायला निघाल्यासारखे. आणि मधोमध मी, हातात रिकामी कळशी घेऊन. लाज वाटली. इतकी, की आत येऊन पलंगावर बसले ती उजाडेपर्यंत तशीच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मुलाला बोलावून घेतलं. मॅनेजर म्हणजे एक मुलगीच, माझ्या नातीहून थोडीच मोठी असेल. सगळ्यांना आजी-आजोबा म्हणते.

"आजी, टेन्शन नका घेऊ. फक्त सांगा, आज वार कोणता?"

"मंगळवार. काल सोमवार होता, तेव्हाही मी शहाणीच होते."

मुलगा खाली फरशीकडे बघत होता. मी तिला सगळं सांगितलं, कॅम्पातलं पाणी, जिना, दारं.

"पण आजी, इकडे तर चोवीस तास पाणी असतं ना?"

"हो, माहीत आहे मला."

"मग?"

तेव्हा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे खरंच तसं होतं. दारं वाजवायचे सगळे." मला फार बरं वाटलं. पण बाहेर रॅम्पवरून उतरताना माझा हात धरून म्हणाला, "आई, खाली राहिलीस तर कोणीतरी सतत असेल जवळ. मलाही झोप लागेल."

"तुझ्या झोपेसाठी मी माझं दार सोडू?"

रजा टाकून आला होता, दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. मला राग आला होता, पण हल्ली रागही फार वेळ धरवत नाही. दमायला होतं.

करार संपेपर्यंत माझ्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. म्हणून मी शहाण्यासारखी वागू लागले. पहाटे पंप सुरू झाला की पाय आपोआप पलंगावरून खाली जात, ते मी परत पांघरुणात घेत असे. हळूहळू तेही बंद झालं.

पावसाळा संपता संपता एक दिवस मेसमध्ये त्या शेजारच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. अंबरनाथच्या, नवरा कंपनीत होता, आता मागे कोणी नाही. चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "तुम्ही परत काही आला नाहीत दार वाजवायला."

"अहो, तुम्हीच तर तक्रार केली होतीत."

"केली होती. घाबरले होते मी. पण आता पहाटे जाग येते ना, तर वाटतं, कोणीतरी वाजवावं. पाणी आलं म्हणा, काहीही म्हणा."

"माझा नवा करार होऊ दे आधी," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांचाही करार संपत आला होता.

माझा नवा करार झाला, वरच्याच खोलीचा. "एकही कम्प्लेंट नाही आजी, व्हेरी गुड," असं मॅनेजर म्हणाली. मुलाने पेढे आणले, जसं काही मी दहावी पास झाले. मी सगळ्यांना वाटले. शेजारच्या बाईंनी एक घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या. काय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला तेव्हा मी जागीच होते. भिंतीपलीकडून बाईंचा खोकला ऐकू आला. उठले, दारापाशी गेले, कडी काढली. पण पुढचा करारही अकरा महिन्यांचाच, आणि कॉरिडॉरच्या टोकाला जिन्याजवळचा दिवा जळत होता, तिथून खाली गेलं की तो हॉल. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. कडी परत लावली आणि येऊन पडले.

अजून रोज तसंच चालतं. त्या खोकत राहतात, मी ऐकत राहते. मी जागी आहे हे त्यांना माहीत असतं. दोघींची दारं शाबूत आहेत, वाजवत कोणीच नाही.