लेकीच्या गेममधी शेंगा राखणारी मी

बायांनो, आज लई हसले. माझी लेक पुण्यात गेम बनवती. जाऊ मला सारखी टोचती, "पोरगी खेळच करती, काम कवा करती?"

आज लेकीनं लिंक धाडली. फोनवर म्हनली, "आई, कायबी डाउनलोड करू नको. गेमचं इंजिन, म्हंजी गेम चालवनारा प्रोग्राम, ब्राउझरमधीच चालतंय. गेम उघडंस्तवर जरा दम धर."

मला कुठला दम? जाऊसमोरच कॉम्प्युटर लावला.

बघते तर मी शेंगा इकते त्योच वडवणीचा बाजार, अन् शेंगांच्या ढिगामागं मीच बसलेली. आपण गिऱ्हाईक व्हायचं, फुकट शेंग उचलायची. घावलो की ती गेममधली मी शेंगा मोजायच्या मापट्यानं हानती.

जाऊ म्हनली, "हुबेहूब तूच. सरक, मला दे."

अजून एकबी शेंग मिळाली न्हाई तिला, पण खुर्ची सोडंना. हेच माझ्या लेकीचं काम हाय, हे हिला तुमीच सांगता का?