दुधात पाणी घालणाऱ्या वन्सं

दुधात पाणी घालून ते चारचौघांत अभिमानानं सांगणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी नणंद होती. वन्सं कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, दुधातून प्रकाश कसा विखुरतो यावर प्रबंध लिहीत होत्या. बहात्तरच्या दुष्काळात तो प्रबंध विद्यापीठातून परत आला. दूध फार दाट आहे, किरण एका कणावर आपटून सरळ बाहेर पडण्याऐवजी वाटेत दहा कणांवर आपटतो, तेव्हा आकडे निरुपयोगी, असा शेरा होता. चार वर्षांचं काम. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणून वन्सं जेवायला बसल्या. ताकभातात मीठ मात्र त्यांनी दोनदा घातलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची अंधारखोली झाली. दूध पातळ केलं की धुळीचा एक कणही मापात गोंधळ घालतो, म्हणून त्या भागात केरसुणी बंद, मोठ्यानं शिंकणं बंद. आमचे हे आठवडाभर पारोसेच ऑफिसला गेले. दुष्काळामुळे कुणाला शंका आली नाही. गाळून उकळलेलं पाणी वन्सं अत्तरासारखं जपायच्या. केडगावच्या गवळ्यानं एकदा त्यांना बरणीभर पाण्यात दुधाचे चार थेंब सोडताना पाहिलं. तो दुखावून म्हणाला, "ताई, इतकं तर आमी बी टाकीत न्हाई."

"तुम्ही कमी टाकता, म्हणून तर माझं काम अडलं," वन्सं गंभीरपणे म्हणाल्या. त्यानंतर तो महिनाभर माझ्याशीच बोलायचा.

प्रकाश मोजायच्या यंत्राचा काटा वाचायचं काम माझं. पाणी दुप्पट केल्यावर आकडा बरोबर निम्मा झाला, तर समजायचं की प्रकाश एकदाच आपटतोय. तो कितीतरी दिवस निम्मा होईना. एका दुपारी मी म्हटलं, "चाळीस." त्यांनी पाणी वाढवलं.

"आता?"

"वीस."

"नीट बघ."

"वीसच आहे, वन्सं."

वन्सं न्हाणीतल्या दगडावर टेकल्या. आकडा वहीत लिहून म्हणाल्या, "तू मॅट्रिकला विज्ञान घेतलं होतंस ना? जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भर."

प्रबंध मंजूर झाला, आणि मी पदरात पुस्तकं धरून त्यांच्याच वर्गात बसू लागले. घरी वन्सं, वर्गात बाई. माझी रोज गफलत व्हायची आणि मुली हसायच्या. पुढे दवाखान्यात, अगदी शेवटी, त्या कुणालाच ओळखेनाशा झाल्या होत्या. "वन्सं" म्हणून दोनदा हाक मारली, काहीच नाही. मग मी हळूच "बाई" म्हटलं, आणि त्यांनी ओ दिली.