पंपात नारळाचं पाणी

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाआधी त्याचा हात बोलतो. मीही काही कमी नाही. शेवटी एकाच आईचे दोघं.

बाबा गेल्यावर आमचा ट्रॅक्टर जाम झाला. दादा म्हणाला, "इकून टाकू अन् वावराच्या वाटन्या करू." मी म्हटलं, "इंजन मी बांधतो. चाललं त वाटनी नाही." तो कबूल झाला. कारंज्याहून सामान आणून मी अंगणातच इंजिन बांधलं.

नवं बांधलेलं इंजिन एकदम सुरू करत नसतात. तेलाचा पंप कोरडा असतो, त्याला आधी तेल पाजावं लागतं. मग डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारायचा, तेलाच्या दाबाच्या मीटरचा काटा उठेस्तोवर. नाहीतर बेरिंगा जळाल्याच समजा. मी फिल्टर काढून त्या भोकातून तेल पाजत होतो. तेल कमी पडलं म्हणून दुसरा डबा आणायला घरात गेलो.

तेवढ्यात फटकन आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर दादानं नारळ इंजिनावरच फोडलेला, पाणी सरळ उघड्या भोकात.

"काय केलं बे हे! पंपात पानी गेलं ना!"

"नारळ फुटल्यावर थांबत नसतात. तुले सुरूच कराचं नाही," म्हणत तो सीटवर चढला आणि चावीला हात घातला.

मी कॉलर धरून त्याला खाली ओढलं. त्यानं कानाखाली वाजवली. मी तेलाचा डबा त्याच्या तोंडावर हाणला, दात हलला त्याचा. मग त्यानं पिशवीतला दुसरा नारळ उचलून माझ्या डोक्यात घातला. डोळ्यांत रक्त उतरलं. खरं सांगतो, त्या क्षणी तो मेला असता तरी मला चाललं असतं.

आईनं चावी काढून पदराला बांधली. "मरा लेकहो, मरा! शुद्धीवर आले की मांगा."

डोक्याला टाके पडले. मला वाकता येईना, म्हणून पंप दादानंच खोलला, पुसला, पुन्हा तेल पाजलं. मी खाटेवरून शिव्या देत सांगत होतो, तो सुजलेल्या तोंडानं मुकाट करत होता. आईनं चावी दिली. सेल्फ मारता मारता काटा थरथरला आणि उठला. मग डिझेल सोडलं, इंजिन धडधडलं.

दादा नवा नारळ घेऊन माझ्यापुढं आला. डोळे भरलेले.

"आता वाटनी मांगशीन," तो ओरडला, "त आखीन एक घालीन डोक्यात!"

वाटणी मागणारा तोच होता. पण नारळ अजून त्याच्या हातात होता.