पहिलीचे सर

केंद्रप्रमुख म्हणून माझ्याकडे इंदापूर तालुक्यातल्या डझनभर शाळा होत्या. अधिकार बेताचे, जीभ मात्र देवानं सढळ हातानं दिलेली. शिक्षक कुठल्या घरातून आलाय हे बघून त्याला काम दिलं जाई, तेव्हा ती जास्तच चालायची.

लोणी देवकरच्या बाजूला एका शाळेत पारधी समाजातला तरुण शिक्षक होता. उंच, सावळा, बोलणं हळू. शिकवायची हौस दांडगी. शाळेनं त्याला दिलं काय, तर फाटकावरची राखण, मैदान आणि सातवीची उनाड पोरं. मारामारी झाली की मुख्याध्यापक म्हणायचे, "सरांना बोलवा, त्यांना पोरं टरकतात." हे कौतुकच आहे असं त्यांना मनापासून वाटे. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

एकदा चहा पिताना तो मला म्हणाला, "मॅडम, पोरांनी भ्यावं म्हणून मी शिकलो न्हाय. आमच्या वस्तीला लोक आधीच भ्यात्यात. मला पहिलीचा वर्ग पायजे. यंदा बी फाटकच दिलं, तर नोकरी सोडतो." तो उगाच बोलणारा नव्हता. मी मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागले आणि पहिली त्याला मिळवून दिली.

प्रवेशोत्सवाला नवी मुलं सजवलेल्या ट्रॉलीतून आली. रीत अशी, की वर्गशिक्षकानं मुलाचं पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायचं आणि मग धुऊन पुसायचं. तो परात घेऊन दारातच मांडी घालून बसला. ऊसवाले एक तात्या नातीला कडेवरून उतरवेनात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यास्नी वरचा वर्ग द्या की. बारकी पोरं भ्यात्यात."

"तात्या, भितंय कोण? नात का तुम्ही?"

तात्यांनी तिला खाली ठेवलं. पोरीला लाल पाणी आवडलं असावं, तिनं दोन्ही पाय बुडवले. तात्या मात्र शाळा सुटेपर्यंत फाटकाशी बसून होते.

दिवाळीनंतर मी त्याच्या वर्गावर गेले. पोरं चिंचोके मांडून अक्षरं काढत होती. तेवढ्यात मैदानावर आरडाओरडा झाला. सातवीची पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली. मुख्याध्यापक दारात येऊन सवयीनं म्हणाले, "सर, जरा बघा." तोही सवयीनंच उठला. त्याचा चेहरा पडला होता.

तात्यांच्या नातीनं त्याचं बोट पकडलं. "सर, नका जाऊ. ती पोरं लई मारत्यात. तुमास्नी लागंल."

त्याला भिणारे आजवर पुष्कळ भेटले होते, त्याच्यासाठी भिणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि चिंचोके सारखे करू लागला.

मुख्याध्यापकांनी ते पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि स्वतःच मैदानाकडे गेले.