मोजणीबाईंची वाडी

मोजणीबाई चिडल्या की आवाज चढवत नसत, पिशवीतून टेप काढत. "बोलू नका, हे टोक धरा," असं समोरच्याला सांगत आणि तो धरेपर्यंत त्याच्याकडे नुसत्या बघत राहत. सरकारी मोजणी खात्यात त्यांनी सगळी नोकरी महाड आणि पोलादपूरच्या डोंगरवाड्या पायी तुडवत काढली. कार्यालयात त्या मॅडम होत्या, बांधावर मोजणीबाई. पाचाडकडच्या एका पुढाऱ्याने हद्दीचा दगड शेजारणीच्या भातखाचरात ढकलला होता. बाईंनी चारचौघांदेखत मोजणी केली आणि दगड त्यालाच उचलून मागे ठेवायला लावला. "दगड सरकला म्हणून जमीन सरकत नाही," असं त्याला ऐकवलं. पुढे कुठल्याही भांडणात हे वाक्य त्यांच्या तोंडी असायचं.

मग एका पावसाळ्यात जमीनच सरकली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला बाईंचं माहेर होतं, तीसेक घरांची वाडी. भर दुपारी डोंगराचा कडा खाली आला आणि वाडी त्याखाली गेली. बाईंचा थोरला भाऊ आणि वहिनी गेली. जे मुंबईला नोकरीवर होते, जे कामाला खाली उतरले होते, ते वाचले, आणि गावाकडच्या उरलेल्यांना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं गेलं. बाईंनी ते वाक्य त्यानंतर कधीही उच्चारलं नाही.

महाडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. वाडी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी बाई तिथे आल्या आणि मोजणीच्या जुन्या वह्यांचं गाठोडं त्यांनी टेबलावर आदळलं. "पत्र्याच्या शेडमध्ये आज दोन भाऊ भांडत होते. घराचं दार उगवतीला होतं की उत्तरेला, यावरून. सर, आपलं दार कुठं होतं हे माणसं विसरायला लागलीत. मला वाडी पुन्हा उभी करायची आहे. कॉम्प्युटरात होते का?"

मी हो म्हणालो. कुणाच्या मालकीची नसलेली, सगळ्यांना खुल्या असलेल्या मुक्त स्रोताच्या प्रोग्रॅमवर चालणारी आभासी जगं असतात, हे मला माहीत होतं. आपल्या कॉम्प्युटरवर एक जग सुरू करायचं आणि व्ह्यूअर नावाच्या प्रोग्रॅममधून त्यात शिरायचं. मग आपलं बाहुलं तिथे चालतं, बसतं, आणि दुसऱ्या गावचा माणूस त्याच्या व्ह्यूअरमधून येऊन शेजारी उभा राहू शकतो. सगळं फुकट. मी उत्साहाने सुरू करून दाखवलं. नवं जग उघडतं तेव्हा पडद्यावर चारी बाजूंनी निळं पाणी आणि मधे एक गोल बेट असतं.

बाई भडकल्या. "आमच्या वाडीला समुद्र कुठाय? आधी हे पाणी काढा."

पाणी काढण्यात एक दिवस गेला, डोंगर चढवण्यात दोन महिने. घाई व्हावी म्हणून मी या जगांसाठीच्या एका ऑनलाइन बाजारातून तयार घरं आणि झाडं आणली. बाईंनी एकेकाला नाकारलं. "ही झोपडी कुणाची? आणि हा आंबा? आंबा असा शाळेच्या रांगेत उभा राहिल्यासारखा सरळ वाढतो का?" शेवटी त्या स्वतःच शिकल्या. साठी उलटलेली बाई माऊस दोन्ही हातांनी धरून एकेक भिंत ओढायची. उंबऱ्याची उंची चुकली की मलाच बोलणी बसायची. ओटे, चुली, गोठे, पाणवठ्याची पायवाट, सगळं वह्यांतल्या मापांनी आणि माणसांना विचारून विचारून उभं राहिलं.

पहिल्यांदा आल्या त्या वाडीतल्या भागीकाकी. कडा कोसळला त्या दिवशी त्या लेकीकडे तुडीलला होत्या म्हणून वाचल्या. मी त्यांचं बाहुलं पायवाटेने चालवत होतो. त्यांच्या दाराशी आलो तशा त्या ओरडल्या, "थांब रे! चपला घालून घरात कुटं चाललास?" बाई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मग मुंबईहून प्रकाश यायला लागला. तो विक्रोळीला वॉचमन आहे. त्याची आई वाडीबरोबर कड्याखाली गेली. ड्यूटीवर जायच्या आधी तो व्ह्यूअर उघडायचा आणि आईच्या ओट्यावर बाहुलं बसवून ठेवायचा. दहा मिनिटं बसायचा आणि निघून जायचा.

वाडी बाहेरच्या जगाला खुली करताना मी जे केलं, त्याचा राग मला आजही येतो. वस्तूची नक्कल करता यावी का, ती बदलता यावी का, दुसऱ्याला देता यावी का, असं तिथे विचारतात. मी तिन्ही ठिकाणी हो केलं.

बाईंनी विचारलं, "हे कशाला?"

"आपण सगळं फुकट घेतलं ना, मग आपणही द्यायचं. मोकळं जग आहे हे."

"मोकळं म्हणजे बेवारस नव्हे, सर."

"तशी अट आहे बाई. घेणाऱ्याने तुमचं नाव ठेवायचं. नाव राहतं." माझ्या शब्दावर त्यांनी ते तसंच राहू दिलं.

वर्षभराने प्रकाशचा फोन आला. "सर, एक लिंक पाठवली हाय. बघा जरा." त्याच ऑनलाइन बाजारात एक माल विक्रीला होता, 'भुताटकीचं भारतीय खेडं'. आमची वाडी. तीच पायवाट, तेच गोठे. भिंतींना काळपट हिरवा रंग, झाडांना फास, आणि प्रकाशच्या आईच्या ओट्यावर बसवलेला हाडांचा सापळा. खाली बाईंचं नाव नव्हतं, वाडीचं नव्हतं. विकणाऱ्याने आपलं टोपणनाव लावलं होतं. लोक पसंतीच्या चांदण्या देत होते. एकाने लिहिलं होतं, अगदी खरं वाटतं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाव राहतं म्हणालात." एवढं बोलून त्या निघून गेल्या. टेप काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या तक्रारीचा मसुदा घेऊनच. मी तो इंग्रजीत करून पाठवला. बाजारवाल्यांचं छापील उत्तर आलं: मूळ निर्मात्या तुम्हीच, याचा पुरावा द्या. विकणाऱ्याचं उत्तर त्याहून निर्लज्ज होतं. वस्तू फुकट होती, मी ती सुधारली, असं त्याचं म्हणणं. शेवटी विचारलं होतं, त्या गावात आता कुणी राहतच नाही, मग तक्रार नक्की कुणाची आहे?

हे वाक्य मी मराठीत वाचून दाखवलं तेव्हा बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "लिहा," त्या म्हणाल्या. "आम्ही राहतो. आम्ही रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, विक्रोळीत राहतो, लेकीच्या घरी राहतो. तू ज्याला सुधारणा म्हणतोस ते एका बाईच्या मरणावर थुंकणं आहे. लिहा, शब्द सौम्य करू नका." मी केले नाहीत.

मग त्या पुराव्याकडे वळल्या. "विकायला ठेवलेल्या त्या घरांच्या जमिनीखाली बघता येईल का?" विकणाऱ्याने गिऱ्हाइकांना बघायला मांडलेल्या नमुन्यात शिरून मी व्ह्यूअरचा कॅमेरा प्रकाशच्या आईच्या घराच्या जमिनीतून खाली नेला. तिथे, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी, एक दगडी पाटी होती. घराचा क्रमांक, घरधनिणीचं नाव, मोजणी करणारीचं नाव. प्रत्येक घराखाली तशी पाटी होती. मोजणीदार हद्दीखाली खूण पुरून ठेवतात, तशा बाईंनी मलाही न सांगता त्या पुरल्या होत्या. चोराने भिंती रंगवल्या, फास टांगले, पण खाली वाकून पाहिलं नव्हतं.

त्या पाट्यांची चित्रं पाठवली तेव्हा माल बाजारातून उतरला. माफी कुणी मागितली नाही. बाजारवाल्यांनी तक्रार बंद झाल्याचं कळवलं आणि आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल, असं विचारलं. विकल्या गेलेल्या नकला तोवर कुठल्या कुठल्या जगांत पोचल्या होत्या. त्या आजही तिथे आहेत, ओट्यावरच्या सापळ्यासकट, आणि कुणीतरी तिथे मजेत घाबरत असेल. याला मी काहीही करू शकत नाही. मोकळेपणावर भाषणं ठोकणाऱ्या माझ्यासारख्यांनी चोरासाठी दारं उघडून ठेवली आणि वर त्याला औदार्य म्हटलं.

शेडमध्ये सगळे जमले. प्रकाश खास रजा काढून वीर स्टेशनला उतरून आला होता. "बंद करा ते बाई. मला आता आईच्या ओट्यावर तेच दिसतं."

"चोर शिरला म्हनून घर पाडत्यात का रे?" भागीकाकी म्हणाल्या. "मी कुटं जाऊ मग?"

बाईंनी दोघांचं ऐकलं. वाडी राहिली, पण बाहेरच्यांना बंद झाली. वाडीच्या माणसांनाच तिथे शिरता येऊ लागलं. प्रकाश मात्र पुन्हा आला नाही. माझ्याशी बाई कामापुरतं बोलत. चहा ठेवला तर तसाच निवू देत.

गेल्या उन्हाळ्यात त्या पोटाच्या आजाराने गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचा हेतू खोटा नव्हता, सर. पण दुसऱ्याचं घर वाटायला काढण्याआधी त्याला विचारायचं असतं. विचारत जा." मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंच्या तेराव्यानंतर प्रकाश माझ्या क्लासवर आला, भागीकाकींना घेऊन. खुर्चीत बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "एकदा उघडा. बाईंच्या घरी बसून येतो. त्यांचं घर कुठं हाय त्यात?"

मी वाडी उघडली. खालून वर, वरून खाली फिरलो. भागीकाकींनी बोट ठेवलं, तिथे दोन घरांच्या मधे सारवल्यासारखी सपाट मोकळी जागा होती. इतके दिवस मी ते कुणाचं तरी खळं समजत होतो. बाईंनी सगळ्यांची घरं बांधली होती, भावाचं तेवढं बांधलं नव्हतं. वाडी उभी करताना बाईंनी घराघराला एक पान दिलं होतं, ती वही काढली. त्या घराच्या पानावर फक्त भावाचं नाव होतं, खाली पान कोरं. ज्या बाईने तीस घरांचे उंबरे मोजले, तिला एका उंबऱ्याला हात लावता आला नव्हता. आणि मी, दोन वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुमचं घर कोणतं.

"माप नाही," मी म्हणालो.

"मापाला काय झालं? त्या घरात मी रोज जात व्हते," भागीकाकी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, टेबलाच्या कडेवर हाताची वीत पसरली आणि मला म्हणाल्या, "बस. लिही. उंबरा दीड वीत."

प्रकाशने माझ्या हातातून वही घेतली आणि तो लिहू लागला.