भिंतीपलीकडच्याशी बाबा बोलले

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारी बाई आहे. म्हैसूरला मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे मी, बिघाडाचं कारण शोधायचाच पगार घेते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

घरात मी आणि बाबा, दोघंच. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, तेव्हापासून आम्ही इथलेच. बाबा शाळेत पीटीचे मास्तर होते. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची तर त्यांनीच. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो आवाज गेला. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. स्पीच थेरपी झाली, फरक शून्य. येईल तर येईल, असं डॉक्टर म्हणाले.

जानेवारीत पुण्याहून माझा आत्येभाऊ हेमंत आला. याला किल्ल्यांचं भयंकर वेड. राजवाडा, वृंदावन गार्डन काही नको, थेट श्रीरंगपट्टण. म्हटलं चला, बाबांनाही हवापालट. व्हीलचेअर डिकीत टाकली आणि रविवारी सकाळी निघालो.

कोठड्या, तोफा, सगळं बघत नदीकडच्या तटापाशी आलो. हेमंतचं लेक्चर चालूच होतं.

"ताई, गंमत बघ. टिपूला वेढा घालणाऱ्यांत इंग्रजांबरोबर मराठे बाहेर, आणि तुमचे पूर्वज आत. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना मराठीच!"

"फार गंमत," मी म्हटलं. "जा, फोटो काढ."

तो तटाच्या पडक्या भागातून बाहेर खंदकाकडे उतरला. मी बाबांची खुर्ची भिंतीच्या सावलीत लावली आणि पाण्याची बाटली उघडत होते. इतक्यात मागून खणखणीत आवाज आला.

"कोण रे ते? कुणाकडला तू?"

हातातली बाटली सुटली. बाबा बोलत होते! आमच्याकडची जुनी माणसं कुठेही मराठी कानावर पडलं की अनोळख्याला थांबवून हेच विचारतात. बाबांनी तर बस स्टँडवर कितीदा विचारलंय. पण आत्ता समोर नुसती भिंत होती. ते मान किंचित कलती करून ऐकत होते, फोनवर ऐकतात तसे.

"हौदु, हौदु… हो, आमी आतलेच."

थांबले. मग एकदम घाईने म्हणाले, "नको रे, इकडं येऊ नको! मारतील तुला. अल्ले इरु… तितंच थांब. मीच येतो तिकडं."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, रडत होते. "बाबा, माझ्याशी बोला ना! मी आहे!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. महत्त्वाचं बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं की कसं बघतो आपण, तसं. आणि पुन्हा गप्प झाले.

हेमंत धावतच वर आला. चेहरा उतरलेला.

"ताई, मामा बोलले ना? मला बाहेर ऐकू आलं. आणि तो माणूस कुठे गेला?"

"कुठला माणूस?"

"अगं, माझ्या मागेच होता, त्यांना उत्तर देत होता! 'आपली माणसं आहेत का आत?' असं विचारत होता. मला वाटलं कुणी टूरिस्ट आहे. वळून बघतो तर… गवतात एक गाय, बस."

व्हिडिओ विचारू नका, फोटो काढून फोन त्याने आधीच खिशात टाकला होता. आणि तो तट किती जाड आहे ते ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. पलीकडचं साधं बोलणं अलीकडे येत नाही.

थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, असे शब्द कधी कधी अचानक फुटतात. असतील. पण मग हेमंतने काय ऐकलं? हेमंतला भास झाला म्हणावं, तर त्याचा भास आणि बाबांचं बोलणं एकमेकांत इतकं नेमकं कसं बसलं? खूप डोकं चालवलं. कारण काही सापडलं नाही.

त्यानंतर बाबा एक अक्षर बोललेले नाहीत. पण दर रविवारी सकाळी डाव्या हाताने कशीबशी चप्पल चढवतात, दाराशी खुर्ची आणतात आणि गाडीकडे बोट दाखवतात. मी सांगते, गाडी बिघडलीय. ते माझ्याकडे बघत राहतात.

मला त्यांचा आवाज ऐकायचाय हो. स्वयंपाक करताना मध्येच आठवतो आणि रडू येतं. तिथे नेलं तर बोलतीलही, कुणी सांगावं. पण त्या पलीकडच्याला त्यांनी 'मीच येतो' असं सांगितलंय. आणि बाबा कुणाला येतो म्हणाले आणि गेले नाहीत, असं आजवर एकदाही झालेलं नाही.